कुवेतचे सदू : नक्षी, मोजणी आणि स्मरण

आपल्या स्मरणिकेत इतिहासपर लेख म्हटला की त्यात बहुधा जहाजे असतात, उसाचे मळे असतात, देवळांची पायाभरणी असते. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या आज्या-पणज्यांच्या हातांनी या बेटावर आपली घरे उभी राहिली, त्या हातांना काय काय येत होते याचा इतिहास आपण क्वचितच लिहितो. त्या हातांना येणाऱ्या विद्यांपैकी एक विद्या विणकामाची. व्हाक्वा, क्यूरपीप या उंचावरील गावांतून जुलै-ऑगस्टात जी झिमझिम पावसाची थंडी पडते, तिने मॉरिशसच्या आमच्या घराघरांत लोकर आणि दोन सुया आणल्या. या लेखाचा विषय मात्र येथून बराच दूरचा आहे. माझे यजमान नोकरीनिमित्त कुवेतमध्ये होते, त्या वेळी शाळेतून रजा घेऊन काही काळ मी तेथे राहिले आणि तेथील बदाऊनी, म्हणजे वाळवंटातील भटक्या स्त्रियांचे 'सदू' नावाचे विणकाम पाहिले. अवघड नक्षी शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. त्याचा जो उलगडा झाला तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. आपली मराठी या बाबतीत मोठी उदार आहे. मागावर कापड होते तेही 'विणणे', सुयांवर स्वेटर होतो तेही 'विणणे', आणि टोपली, चटई, खाटेची नवार हीसुद्धा आपण विणतोच. वस्तुतः या क्रिया निरनिराळ्या आहेत. मागावर धाग्यांचे दोन संच लागतात, उभा ताणा आणि आडवा बाणा. स्वेटरला एकच सलग धागा पुरतो. तो स्वतःच्याच फासांतून पुनःपुन्हा ओढला जातो, आणि म्हणूनच एक टोक ओढले की सारा स्वेटर उसवून परत गुंडा होतो. सदू हे पहिल्या प्रकारचे, म्हणजे मागावरचे काम आहे. तरीही स्वेटर विणणाऱ्या स्त्रीला सदूपुढे बसल्यावर परके वाटत नाही. याचे कारण पुढे येईल.

आधी सुयांच्या विणकामाचाच इतिहास पाहिला तर तोही आपल्याला अरबी भाषेच्या प्रदेशातच नेतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्वेटर ही साहेबाची देणगी, अशी आपली समजूत. परंतु सुयांवर खऱ्या अर्थाने विणलेल्या ज्या जुन्यांत जुन्या वस्तू आज उपलब्ध आहेत, त्या इजिप्तमध्ये सापडलेल्या सुती मोज्यांचे तुकडे आहेत. साधारणतः अकराव्या ते चौदाव्या शतकांतील हे मोजे निळ्या आणि पांढऱ्या धाग्यांत नक्षी काढून विणलेले आहेत आणि काहींवर अरबी अक्षरांच्या वळणाचे पट्टेही आहेत. म्हणजे ज्या काळातले हे अवशेष आहेत त्या काळीच ही कला बाल्यावस्था ओलांडून पुढे गेलेली होती. तेथून ती स्पेनमध्ये गेली. कॅस्टीलचा राजपुत्र फर्नांडो दे ला सेर्दा १२७५ साली वारला. बुर्गोस येथील मठात त्याच्या दफनात सापडलेल्या रेशमी उशीचा अभ्रा अत्यंत सूक्ष्म टाक्यांनी विणलेला आहे आणि त्यावर अरबी लिपीतील मजकुराची किनार आहे. ख्रिस्ती राजपुत्राच्या उशाला मुसलमान कारागिराची वीण! पुढे युरोपात ही कला घरोघर पसरली, १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र केले, आणि युरोपियनांच्या वसाहतींबरोबर सुया आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आल्या. तेव्हा सुया साहेबाच्या असतील. वीण त्याच्याही आधीची आहे.

आता नक्षी शिकण्याविषयी. नवखी मुलगी प्रथम एक सुलट, एक उलट शिकते. नंतर पुस्तकातील नमुना समोर ठेवून विणू लागते. समजा, तिला वेणीची नक्षी घालावयाची आहे. सहा सुलट टाक्यांची एक वेणी आणि दोन वेण्यांमध्ये दोन उलट टाके, अशी आठ टाक्यांची आवृत्ती. आठाच्या पटीत टाके घ्यावेत आणि दोन्ही कडा सारख्या याव्यात म्हणून त्यांत दोन मिळवावेत. बारा वेण्या हव्या असतील तर अठ्ठ्याण्णव टाके. दर आठव्या ओळीला तीन टाके तिसऱ्या सुईवर काढून पुढे धरावयाचे, मागचे तीन आधी विणावयाचे, मग धरलेले तीन. हे कागदावर वाचताना कठीण वाटते, आणि पहिल्या तीन-चार वेळा पीळ देताना बोटे थरथरतात. पण एक दिवस असा येतो की मुलीची नजर कागदावरून उठते आणि सुईखालच्या विणीवर स्थिर होते. किती ओळी झाल्या हे तिला आता पुस्तकातील खुणेवरून कळत नाही, वेणीच्या फुगवट्यावरून कळते. माझ्या मते नक्षी 'येणे' ते हेच. कागद वाचणे आणि वीण वाचणे ही दोन शिक्षणे आहेत, आणि पहिले हे दुसऱ्याची केवळ ओसरी आहे.

कागद तरी कितीसा जुना? सुयांच्या विणकामाची लेखी कृती इंग्रजी पुस्तकात छापली गेल्याचे पहिले उदाहरण १६५५ सालचे आहे आणि ती कृती इतकी दुर्बोध आहे की आधी वीण येत असल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. त्यापूर्वी कित्येक शतके अवघड नक्ष्या विणल्या जात होत्याच. त्या एका स्त्रीच्या हातून दुसऱ्या स्त्रीच्या डोळ्यांत आणि तेथून तिच्या हातांत जात होत्या. माझ्या आजीला कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. परंतु शेजारणीच्या अंगावरील स्वेटर एकदा आतून-बाहेरून न्याहाळला की आठवड्याभरात तीच वीण तिच्या सुयांवर उतरत असे. घरात आम्ही तिला 'अडाणी' म्हणत नसू. बाहेरचे जग तिला दुसऱ्या कोणत्या शब्दाने ओळखीत असेल असे वाटत नाही. हाच शब्द वाळवंटातील बदाऊनी स्त्रियांच्याही वाट्याला आला होता. त्यांच्या विद्येकडे वळण्यापूर्वी त्यांच्या देशाची थोडी ओळख करून घेऊ.

कुवेत हे आज तेलाचे राज्य म्हणून प्रसिद्ध आहे. पण तेलापूर्वीचे कुवेत हे समुद्र आणि वाळवंट यांच्या सांध्यावरचे एक व्यापारी गाव होते, आणि त्याचा समुद्र मुंबईपर्यंत पोचत होता. कुवेतची गलबते बसऱ्याचा खजूर भरून कराची, मुंबई आणि मलबारच्या किनाऱ्यावर येत. परत जाताना तांदूळ, कापड, मसाले, काथ्याचे दोर आणि गलबते बांधण्यासाठी सागवान नेत. आखातातील मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती. कुवेतच्या बाजारात भारतीय रुपया चालत असे. १९५९ साली आखातासाठी भारताने निराळ्या रुपयाच्या नोटा काढल्या आणि १९६१ साली कुवेतने आपला दिनार सुरू केला. ज्या मुंबई बंदरातून एकोणिसाव्या शतकात आपले पूर्वज करारावर सहीच्या जागी खूण करून मॉरिशसच्या जहाजात चढले, त्याच बंदरात कुवेतचे नाखवे खजूर उतरवीत होते. एकाच धक्क्यावरची ही दोन निरनिराळी नशिबे. आज कुवेतमध्ये लाखो भारतीय करारावर राबत आहेत, त्यांत मराठी माणसेही आहेत. त्या कराराची आणि आपल्या आज्यांच्या कराराची तुलना करण्याचा मोह होतो, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

गावाच्या तटाबाहेर वाळवंट होते. मुतैर, अजमान, अवाजिम, रशायदा इत्यादी टोळ्यांचे लोक उंट आणि मेंढ्या घेऊन तेथे हिंडत आणि वर्षातून काही वेळा गावातील सफात नावाच्या चौकात येऊन लोकर, तूप, जनावरे विकीत. तांदूळ, कॉफी, कापड घेऊन परत जात. उन्हाळ्याच्या भयंकर उष्म्यामुळे वाळवंटात थंडी असते हेच आपण विसरतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेथे पारा शून्याच्या आसपास येतो आणि उत्तरेचा वारा अंगाला सुईसारखा टोचतो. या लोकांचे घर म्हणजे तंबू. अरबीत त्याचे नाव 'बैत अल्-शअर', म्हणजे केसांचे घर. शेळीच्या काळ्या केसांचे लांब पट्टे विणून ते एकास एक शिवले की छत तयार होते. कोरड्या हवेत त्याच्या छिद्रांतून वारा खेळतो. पाऊस आला की केस फुगतात आणि छिद्रे मिटतात. हे घर विणीत ती स्त्री. उभारीत आणि उतरवीतही तीच.

तंबूच्या आत पुरुषांचा, म्हणजे पाहुण्यांचा भाग आणि स्त्रियांचा भाग यांच्यामध्ये एक लांब पडदा असे. स्त्रीचे सारे कसब या पडद्यावर ओतलेले असे, आणि त्याची नक्षीदार बाजू पाहुण्यांकडे केलेली असे. पाहुणा कॉफी पिता पिता जे न्याहाळीत बसे, ते पडद्याआड असलेल्या घरधनिणीचे काम होय. तिचे तोंड त्याला दिसत नसे, आवाज क्वचित कानी पडे. पण ती किती निष्णात आहे हे त्याला कळल्याशिवाय राहत नसे. एच. आर. पी. डिक्सन हे १९२९ साली कुवेतमध्ये ब्रिटिश राजकीय प्रतिनिधी म्हणून आले. त्यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या 'द अरब ऑफ द डेझर्ट' या ग्रंथात बदाऊनी जीवनाचे बारकाईने वर्णन केले आहे. तेल सारे बदलून टाकण्यापूर्वीचे ते जग कोणीतरी कागदावर उतरवून ठेविले, हे त्यांचे ऋण मानले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. लोकर मेंढीची, क्वचित उंटाची, केस शेळीचे, आणि पांढऱ्याशुभ्र रंगासाठी बाजारातून घेतलेले सूत. लोकर पिंजून ती टकळीवर काततात. आपल्यापैकी ज्येष्ठांनी गांधीजींच्या छायाचित्रांत किंवा भारतातील नातलगांकडे टकळी पाहिली असेल. बदाऊनी स्त्रीची टकळी त्याच कुळातली, आणि ती चालता चालताही फिरत राही. धाग्याला पीळ भरपूर देतात, कारण ताण्याच्या धाग्याला पुढे फार ओढाताण सोसावी लागते. रंगांसाठी मेंदी, हळद, केशर, नीळ या वस्तू वापरीत. यांतली हळद आणि नीळ वाचताना आपल्याला स्वयंपाकघर आणि हिंदुस्थानचे मळे दोन्ही आठवावेत! पुढे रासायनिक रंगांच्या पुड्या बाजारात आल्या आणि भडक लाल, नारिंगी रंग सर्रास दिसू लागले. जुने रंग अधिक सुंदर, असे जाणकार म्हणतात. बदाऊनी स्त्रियांनी मात्र नवे रंग आनंदाने स्वीकारले, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही.

माग जमिनीवरच आडवा मांडतात. चार खुंट्या, दोन दांड्या, त्यांच्यामध्ये जमिनीला समांतर ताणलेला ताणा. एका दांडीवर बांधलेल्या दोऱ्यांच्या फासांत एकाआड एक धागा अडकवलेला. बाण्याचा धागा गुंडाळलेली काठी. तो ठोकून बसविण्यासाठी तलवारीच्या आकाराची लाकडी फळी. आणि धागे सारखे करण्यासाठी हरणाचे शिंग. बस्स, एवढेच. सारा माग गुंडाळून उंटावर टाकता येतो आणि पुढच्या मुक्कामावर पुन्हा ताणता येतो. दख्खनच्या धनगरांच्या लोकरीची घोंगडी आपल्या पूर्वजांनी गावी पाहिलेली होती. ती सणगर लोक खड्ड्याच्या मागावर विणीत आणि तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देत. घोंगडीला मात्र नक्षी बेताची, फार तर काठाला पट्टी. नक्षीचे म्हणाल तर आपल्याकडे पैठणी आहे. पण पैठणीची नक्षी बाण्याची आहे, आडव्या धाग्याने भरलेली. सदू याच्या उलट. त्यात बाणा पूर्णपणे झाकला जातो आणि डोळ्यांना फक्त उभे धागे दिसतात. अरबीत ताण्यासाठी जो शब्द आहे तोही 'सदू'च्याच धातूचा.

या एका गोष्टीमुळे सदूची सारी विद्या मोजणीची झाली आहे. ताणा लावतानाच पट्ट्यांचे रंग ठरून जातात. मागाहून बदल करता येत नाही. दोन-तीन स्त्रिया मिळून लोकरीचा गुंडा या दांडीवरून त्या दांडीवर नेतात आणि धागे मोजीत जातात. काठाला किती काळे, मग किती लाल, मग घोड्याचे दात किंवा धान्याचे दाणे म्हणतात त्या बारीक ठिपक्यांसाठी एकाआड एक किती. यात चूक झाली तर ती त्या पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत राहते. स्वेटर उसवता येतो. हा ताणा उसवणे म्हणजे कित्येक दिवसांची मेहनत वाळूत टाकणे.

या नक्ष्यांत सर्वांत अवघड मानली जाते ती 'शजरा', म्हणजे झाड. पडद्याच्या मधोमध जाणारा हा काळा-पांढरा पट्टा. त्यात प्रत्येक काळ्या लोकरीच्या धाग्याला पांढऱ्या सुताचा एक धागा जोडीदार असतो. प्रत्येक ओळीला विणकरीण बोटांनी जोडी-जोडी चाचपते आणि ठरवते की येथे काळा वर यावा की पांढरा. जो वर येत नाही तो मागच्या बाजूस मोकळा राहतो. समजा, पट्ट्यात चाळीस जोड्या आहेत. मग एका ओळीला चाळीस निर्णय, आणि हजार ओळींच्या पट्ट्याला चाळीस हजार. कागद नाही, खूण नाही, मापपट्टी नाही. फणी, कात्री, कानांतले अलंकार, विंचू, साप, उंट, टोळीची डागण्याची खूण अशा आकृत्या एकामागून एक येत जातात. एकीचा पडदा दुसरीसारखा नसतो, कारण आकृत्यांचा क्रम तीच ठरविते. फ्रान्समध्ये १८०४ साली जॅकार याने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी मागावर नक्षी काढण्याची युक्ती पूर्ण केली. हे पुठ्ठे आजच्या गणकयंत्रांचे पूर्वज मानले जातात. हे पुठ्ठे जे काम करीत, तेच काम वाळवंटातील स्त्री मांडी घालून, मूल पाठीशी घेऊन, मनातल्या मनात करीत होती.

या आकृत्यांचा अर्थ काय, असे प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि सांगणारेही उत्साहाने सांगतात की ही कात्री म्हणजे अमुक आणि हा विंचू म्हणजे तमुक. मला हे थोडे अतिरेकी वाटते. आपण रांगोळीत शंख-कमळ काढतो तेव्हा दर वेळी मनात अर्थ घोळवीत नाही; ते 'येते' म्हणून काढतो. मात्र एक निश्चित. या आकृत्या त्या स्त्रीच्या रोजच्या वस्तू आहेत. तिने आपला संसारच त्या पट्ट्यात मोजून बसविला.

शिकण्याचा क्रम सामान्यतः असा : मुलगी आईजवळ बसून आधी लोकर पिंजते, मग टकळी धरते, मग ताणा लावताना गुंडा फेकते, मग साधे पट्टे विणते, मग त्रिकोणांची नक्षी, आणि सर्वांत शेवटी, आली तर, शजरा. सगळ्यांना ती येत नसे. जिला येई तिला दुसऱ्या तंबूंतून बोलावणे येई. म्हणजे आमच्या शाळांतून असतात तशा पायऱ्या होत्या, गुरू होते, प्रावीण्य होते, मानही होता. नव्हते ते फक्त प्रमाणपत्र. स्वेटर विणणाऱ्या मुलीने आधी कागद वाचावा आणि मग वीण वाचावी. ही बदाऊनी मुलगी आरंभापासूनच वीण वाचत असे. म्हणूनच मी वर म्हटले की सुयांची सवय असलेल्या स्त्रीला या मागापुढे परके वाटत नाही.

आणि मग हे सारे एका पिढीत थांबण्याच्या बेतास आले. १९३८ साली बुर्गान येथे तेल लागले, १९४६ साली पहिले तेल निर्यात झाले. पुढील वीस-पंचवीस वर्षांत कुवेत इतक्या वेगाने बदलले की १९५७ साली गावाचा जुना तटदेखील पाडण्यात आला. बदाऊनी लोक गावाच्या कडेला वसले, तेलकंपनीत आणि सरकारी नोकरीत गेले, पक्क्या घरांत राहू लागले. यात वाईट काहीच नव्हते. वाळवंटातले जगणे किती खडतर होते हे त्यांना विचारावे. तंबूची ओढ बहुधा ज्यांना त्यात राहावे लागत नाही त्यांनाच फार. पण विटांच्या घराला केसांचे छत लागत नाही, आणि पाहुण्यांसाठी निराळी खोली झाल्यावर पडदाही लागत नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या, ही तर आनंदाचीच गोष्ट. शाळेतून आलेली मुलगी आईजवळ बसून धागे मोजीना. आईनेही आग्रह धरला नाही, कारण माग म्हणजे जुनी गरिबी असे तिलाही वाटले असणार. विद्येच्या नाशाला कोणी शत्रू लागत नाही. सुखाने ती जाते.

मॉरिशसच्या वाचकाला ही गोष्ट अनोळखी नाही. आपल्याकडे १९७० च्या कायद्याने निर्यातीच्या कारखान्यांना सवलती मिळाल्या आणि पाहता पाहता स्वेटर हा या छोट्या बेटाचा मोठा उद्योग झाला. लोकर बाहेरून येई, विणून झालेले स्वेटर युरोपात जात; एके काळी लोकरी स्वेटर निर्यात करणाऱ्या जगातील प्रमुख देशांत मॉरिशसची गणना होत असे. कारखान्यांत हजारोंनी स्त्रिया होत्या, आणि त्यांत उसाच्या मळ्यांतून आलेल्या मजुरांच्या नाती-पणत्या पुष्कळ. यंत्रावर भाग विणणे, त्यांचे टाक्याला टाका लावून सांधे जोडणे, नमुन्याच्या तक्त्यावरून नव्या हंगामाची नक्षी बसविणे, ही सारी डोळ्यांना आणि बुद्धीला ताण देणारी कामे. पुढे जागतिक वस्त्रव्यापारातील देशवार कोट्यांची व्यवस्था २००५ च्या आरंभी संपली, स्वस्त मजुरीच्या देशांशी सामना करणे कठीण झाले आणि अनेक कारखाने बंद पडले. त्या स्त्रिया घरी बसल्या. मळ्यांच्या इतिहासावर आपण ग्रंथ लिहिले, आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु अवघड वीण एका नजरेत ओळखणाऱ्या त्या स्त्रियांना कोणी वही घेऊन भेटावयास गेले काय? त्यांच्यातील पुष्कळ जणी अजून आपल्या शेजारीच राहतात. या मंडळाच्या वाचकांतच त्या असतील.

कुवेतमध्ये कोणीतरी गेले. १९७९-८० च्या सुमारास शेख घराण्यातील अल्ताफ सालेम अल्-अली अल्-सबाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या वृद्ध विणकरणी हयात होत्या त्यांना शोधून एकत्र आणण्याचा उद्योग आरंभिला आणि 'बैत अल्-सदू', सदूचे घर, ही संस्था उभी राहिली. समुद्रकाठच्या रस्त्यावर, राष्ट्रीय संग्रहालयाशेजारी, एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात ती आहे. त्यांनी वृद्ध स्त्रियांकडून कामे करून घेतली, त्यांना त्याचा योग्य मोबदला दिला, आणि तरुणींना त्यांच्याजवळ बसविले. यांतला मोबदला मला फार महत्त्वाचा वाटतो. सत्कार आणि शाल-श्रीफळ देऊन विद्या टिकत नाही. जिचे हात चालावेत असे आपल्याला वाटते, तिच्या हाताला काम आणि कामाला किंमत द्यावी लागते. अर्थात कुवेतजवळ पैसा होता हेही खरे. पण पैसा त्यांच्या शेजारच्या इतर देशांजवळही होता.

१९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत व्यापले. सात महिन्यांच्या त्या काळात शेजारचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले आणि जाळले गेले. फेब्रुवारी १९९१ मध्ये देश मुक्त झाला, आणि त्याच वर्षी, विहिरी अजून धुमसत असताना, सदूच्या घराची विणकर स्त्रियांची सहकारी संस्था झाली. २०२० साली युनेस्कोने सौदी अरेबिया आणि कुवेत यांच्या सदू विणकामाची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. त्याआधी, २०११ साली, संयुक्त अरब अमिरातीचे सदू तातडीने जपणूक आवश्यक असलेल्या वारशाच्या यादीत गेले होते. दोन याद्यांच्या नावांतच दोन ठिकाणची परिस्थिती समजते.

सदूच्या घरात आज वर्ग चालतात. तेथे मी ज्या मुली पाहिल्या त्या तंबूत जन्मलेल्या नव्हत्या. कोणी चित्रकला शिकणाऱ्या, कोणी कचेरीत काम करणाऱ्या. त्या चौकटींच्या कागदावर काळे-पांढरे घर भरून आधी नक्षी मांडीत होत्या, आपण स्वेटरसाठी मांडतो अगदी तशीच. म्हणजे त्या कागदाकडून विणीकडे निघालेल्या, आणि त्यांना शिकविणारी पिढी मुळातच कागदाविना आलेली. शिक्षिका या नात्याने मला हा पेच फार ओळखीचा वाटला. ज्या वाटेने गुरू आला ती वाट बंद झालेली आहे, आणि शिष्याला त्याच मुक्कामावर पोचावयाचे आहे. कागदाची वाट लांबची आहे. पण ती उघडी आहे, आणि त्या मुलींपैकी काही जणींची नजर कागदावरून उठलेली मी पाहिली.

आपल्यापैकी कोणाला कुवेतला जाण्याचा योग आला, किंवा तेथे नोकरीस असलेल्या मुलाबाळांना भेटावयास जाणे झाले, तर हे घर अवश्य पाहावे. मांडलेल्या पडद्यांची दर्शनी बाजू सगळेच पाहतात. जेथे शक्य असेल तेथे शजऱ्याची मागची बाजू पाहू देण्याची विनंती करावी. तेथे न निवडलेले धागे मोकळे सुटलेले असतात, पुढे पांढरा तेथे मागे काळा, पुढे काळा तेथे मागे पांढरा. एखादी ओळ धरून ते धागे बोटाने मोजीत गेले की विणकरणीने कोठे किती जोड्या ओलांडल्या ते एकेक करून सापडत जाते.